मोठ्या संकटात टिकले, कूलरच्या पाण्यावर घसरले

ताई, जय ख्रिस्त.

मी नागपूरच्या सदर भागात राहते. वय ४६, एका पतसंस्थेत नोकरीला आहे. घरात मिस्टर, सासूबाई, बारावीतला मुलगा आणि आठवीतली मुलगी. अकरा वर्षांपासून चर्चमध्ये संडे स्कूल घेते.

तीन वर्षांपूर्वी मिस्टरांचा मोठा अपघात झाला. सहा महिने ते अंथरुणावर होते. त्या काळात मी एकदाही कुरकुर केली नाही. पाळकसाहेबांनी उपदेशात माझं उदाहरण दिलं होतं. पण आता सगळं ठीक असताना बारीकसारीक गोष्टींवरून असा संताप येतो, की माझी मलाच भीती वाटते. मागच्या आठवड्यात ऑफिसातून घरी आले. दिवसभर पारा ४५ च्या वर होता. कूलर सुरू, पण नुसती गरम हवा फेकून राहिला होता. टाकी कोरडी ठक्क. मुलगा त्याच्यासमोरच मोबाईल पाहून राहिला होता. सकाळी दोनदा सांगून गेले होते त्याला. हातातला स्टीलचा ग्लास मी फेकून मारला. त्याला लागला नाही, भिंतीला लागला. तो उठला, ग्लास उचलून ओट्यावर ठेवला अन् म्हणाला, ‘आई, चर्चमधली तू वेगळी आहे अन् घरातली वेगळी.’

तेव्हापासून झोप नाही. सासूबाई दर दहा मिनिटांनी ‘दाराला कडी लावली का’ म्हणून विचारतात. शेजारचे आमच्याच गेटसमोर गाडी लावतात. मिस्टर ओला टॉवेल पलंगावर टाकतात. सगळ्याचाच राग येतो. जानेवारीत माझी आई गेली, तेव्हापासून हे वाढलं असं मिस्टर म्हणतात, मला तसं वाटत नाही. धीर मिळावा म्हणून रोज प्रार्थना करते. दोन आठवड्यांनी मुलांना ‘आत्म्याचं फळ’, म्हणजे पवित्र आत्म्याने माणसात येणारे नऊ गुण, हा पाठ शिकवायचा आहे. सहनशीलता, सौम्यता हे मी कोणत्या तोंडानं शिकवू? आपली साक्षच, म्हणजे वागण्यातून विश्वास दिसणंच, राहिलं नाही, तर संडे स्कूल सोडून देऊ का?

– एक भगिनी, नागपूर

*

प्रिय भगिनी, जय ख्रिस्त.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या भिंतीशी थांबले. ग्लास भिंतीला लागला, पोराला नाही, याबद्दल आधी देवाचे आभार मानू. हलकं करून सांगत नाही. पुन्हा हाताशी काही असेल आणि संताप डोक्यात गेला असेल, तर ती वस्तू खाली ठेवा आणि बाहेर निघून जा, गच्चीवर, गल्लीत, कुठंही. हे पहिलं, आणि यात सवलत नाही. बाकीचं सगळं यानंतरचं.

आता तुमच्या कोड्याकडे येते. सहा महिने नवऱ्याची सेवा केली तेव्हा जी बाई डगमगली नाही, ती कोरड्या टाकीवरून का कोसळली? तुम्हाला वाटतं, तेव्हाची तुम्ही खरी होता आणि आताची खोटी आहात, किंवा उलट. मला दोन्ही पटत नाही. मोठं संकट येतं तेव्हा सगळी मंडळी आपल्याभोवती उभी राहते. कुणी डबा आणतं, कुणी दवाखान्यात रात्र काढतं, पाळकसाहेब येऊन प्रार्थना करतात. आपल्यालाही ठाऊक असतं की ही परीक्षा आहे, म्हणून आपण कंबर कसून उभे राहतो. कूलरच्या टाकीपाशी मंडळी नसते. तिथं कुणी प्रार्थना करायला येत नाही, आणि ही परीक्षा आहे असं आपल्यालाही वाटत नाही. आपल्याला वाटतं, हा आपल्या ख्रिस्ती जीवनाच्या मधला फालतू अडथळा आहे, तो दूर झाला की आपण पुन्हा धीराने वागू.

बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, संकटाने धीर, धीराने शील, आणि शीलाने आशा निर्माण होते. यातला ‘शील’ हा शब्द आपण भरभर वाचून जातो. मूळ ग्रीक शब्दाचा रोख आहे, पारखून खरं ठरलेलं. लहानपणी आईबरोबर इतवारीच्या सराफ्यात गेले होते, तेव्हाचं मला आठवतं. तिला एक जुनी बांगडी मोडायची होती. सोनाराने ती भट्टीत टाकली नाही. हातातल्या काळ्या दगडावर अलगद एकदा घासली. दगडावर केसाएवढी पिवळी रेघ उमटली, तिच्यावर त्याने तेजाबाचा थेंब सोडला आणि खिडकीशी धरून पाहिली. तेवढ्यावर त्याला सोनं कळलं. नवऱ्याचा अपघात ही तुमची भट्टी होती, आणि तुम्ही तिच्यातून निघालात. आता रोज संध्याकाळी दगडावर घासणं चाललं आहे. ते एवढंसंच असतं, आणि म्हणूनच त्यात लपवायला जागा नसते.

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही घाईघाईने लिहिली आणि लगेच खोडूनही टाकली. आई जानेवारीत गेली, तेव्हापासून राग वाढला असं मिस्टर म्हणतात, मला तसं वाटत नाही. भगिनी, मला तुमच्या मिस्टरांचं म्हणणं पटतं. कारण सांगते.

गणनाच्या पुस्तकाचा विसावा अध्याय काढा. आपल्याला तो मोशेच्या रागासाठी ठाऊक आहे. मिसरच्या गुलामीतून त्याने बाहेर काढलेल्या लोकांना रानात पाणी मिळेना, ते मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांच्याशी भांडायला उठले. देव म्हणाला, खडकाशी बोल, तो पाणी देईल. मोशेने सगळ्यांना गोळा केलं, बंडखोर म्हणून त्यांच्यावर ओरडला, आणि काठी उचलून खडकावर दोनदा मारली. बोलायचं होतं तिथं मारलं. ज्या माणसाने फारोसमोर उभं राहून माघार घेतली नाही, तांबड्या समुद्राच्या काठावर धीर सोडला नाही, तो पाण्यावरून केलेल्या किरकिरीवर घसरला. स्तोत्र १०६ मध्ये त्याबद्दल म्हटलं आहे की तो अविचाराने बोलून गेला. त्याची किंमतही त्याने मोजली, वचनदत्त देशात त्याचं पाऊल पडलं नाही.

पण अध्यायाचं पहिलंच वचन बघा. तिथं मिर्याम मरण पावली आणि तिथंच तिला पुरलं, एवढंच लिहिलंय. मिर्याम म्हणजे मोशेची बहीण. तान्हा मोशे लव्हाळ्याच्या पेटीत नदीवर तरंगत होता तेव्हा काठावर उभं राहून त्याच्यावर नजर ठेवणारी मोठी बहीण हीच, असं आपण परंपरेने मानतो. ती गेली, आणि दुसऱ्याच वचनात लोक पाण्यावरून भांडायला आले. मोशे रडला की नाही, कुणी त्याला बसून दोन शब्द बोलले की नाही, शास्त्रात नाही. अहरोनाच्या मृत्यूनंतर लोकांनी तीस दिवस शोक केला, हे त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. मिर्यामेच्या बाबतीत तसं काही लिहिलेलं नाही. मी हे वचन कितीतरी वर्षं वाचत होते, आणि दोन्ही गोष्टी एका पानावर आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तुम्ही आईचा शोक केला का? अंत्यविधी झाला, पाहुणे जेवून गेले, दोन-चार दिवसांची रजा संपली, आणि तुम्ही पतसंस्थेच्या काउंटरवर जाऊन बसलात, असंच झालं असणार. मला त्या ग्लासाच्या आवाजात हेही ऐकू येतं. मी तुमचा राग माफ करत नाही, तो अधिकार माझा नाही. पण ज्या जमिनीतून तो उगवतो, ती तरी बघायला हवी. एका शनिवारी मिस्टरांना घेऊन आईच्या कबरीवर जा. फुलं न्या, पाण्याची बाटली न्या, घाई करू नका. रडू आलं तर येऊ द्या. लाजराच्या कबरेशी प्रभू स्वतः रडला, आणि थोड्या वेळाने लाजर उठणार आहे हे त्याला ठाऊक होतं.

आता रागाबद्दल. यासाठी मला माझं एक सांगावं लागेल.

लग्नानंतरच्या आठव्या-नवव्या वर्षीची गोष्ट. आमचा कूलर जुना, लोखंडी, मागच्या जाळीत वाळा भरलेला. नळाची तोटी तिथपर्यंत पोचत नव्हती, म्हणून मोरीतून बादलीने पाणी आणून टाकीत ओतायचं. मी शाळेत शिकवत होते. मे महिन्यात पेपर तपासणीचं काम असायचं. सासरे घरी असत, त्यांना तेव्हा सत्तर उलटलेले. मी त्यांच्यावर एकच काम सोपवलं होतं, दुपारी टाकी भरायची. त्या दिवशी मी साडेपाचला आले, टाकीत हात घातला, तर तळाशी बोटभर पाणी. मी त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, “बाबा, दिवसभरात एवढंही होत नाही तुमच्याकडून?” खोलीत पाहुणे होते. बाबा काही बोलले नाहीत. मी मोरीकडे बादली आणायला गेले आणि बघते तर मोरीपासून कूलरपर्यंत फरशी ओली, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला दोरीवर वाळत घातलेला, आणि बादलीशेजारी देवळीतला तांब्या. बादली उचलणं त्यांना जमेनासं झालं होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. तांब्या-तांब्याने ते दुपारभर टाकी भरत होते, आणि ऊन असं की एका बाजूने भरावं आणि दुसऱ्या बाजूने आटावं.

त्या मोरीत उभ्या उभ्या मला एक गोष्ट कळली. मी त्या दिवसाच्या पाण्यावर चिडलेच नव्हते. माझ्या मनात एक वही होती. त्या वहीत बाबांच्या नावावर किती दिवसांचा चहा, किती वेळा टीव्हीचा आवाज, दिराच्या लग्नात माझ्या माहेरच्यांना काय बोलले, सगळं तारीखवार लिहिलेलं होतं. कोरडी टाकी ही फक्त शेवटची नोंद होती, आणि बेरीज करून मी ती त्यांच्या तोंडावर मारली.

करिंथकरांस पहिल्या पत्रात प्रीतीबद्दल म्हटलं आहे की ती चिडत नाही, अपकार स्मरत नाही. ही दोन वाक्यं एकाला एक लागून का आली, हे मला त्या मोरीत उमगलं. ‘स्मरत नाही’ असं जिथं म्हटलंय, तिथला मूळचा शब्द हिशोब मांडण्याचा आहे, जमाखर्चाचा. जो हिशोब ठेवतो तो चिडणारच. आणि प्रभूने शिकवलेली प्रार्थना आपण मराठीत कशी म्हणतो, ते बघा. जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. कर्ज, कर्जदार, कर्जमाफी, सगळे पतसंस्थेतले शब्द. तुम्ही दिवसभर तेच काम करता. थकबाकीचं खातं किती वर्षं उघडं राहतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

म्हणून नुसता धीर मागू नका. रोज रात्री ‘प्रभू, मला धीर दे’ एवढंच म्हटलं की ते हवेत राहतं. त्याऐवजी त्या दिवसाची एक नोंद घ्या, एकच. ‘आज ह्यांनी टॉवेल पलंगावर टाकला, मी तो चौदाव्यांदा उचलला, ते ऋण मी सोडते.’ असं नाव घेऊन, वस्तू घेऊन म्हणा. ऐकायला बारीक वाटेल, पण प्रभूने प्रार्थनेत रोजची भाकर मागायला शिकवलं आणि त्याच्या लगेच पुढे ऋण सोडायला. रोजच्या भाकरीसारखंच ते आहे. काही दिवस तुम्ही ते ऋण सोडाल आणि सकाळी पुन्हा वसुलीला निघाल. पुन्हा सोडा.

मी बाबांची माफी मागितली ती त्या रात्री, पाहुणे गेल्यावर. पाहुण्यांसमोर मागायला हवी होती, ते धैर्य माझ्यात नव्हतं. बाबा म्हणाले, “उन्हात पाणी आटतंच गं.” दुसऱ्या दिवसापासून टाकी मीच सकाळी भरायला लागले आणि दुपारचे चार तांबे त्यांच्याकडे ठेवले, कारण काम काढून घेतलं असतं तर त्यांना ते जास्त लागलं असतं.

पण थांबा. ऋण सोडा म्हणजे सगळी कामं तुम्हीच उपसा आणि तोंड शिवून बसा, असं मी म्हणत नाहीये. आपल्या ख्रिस्ती घरांमध्ये ही चूक फार होते, विशेषतः बायकांच्या बाबतीत. सोशीकपणा म्हणून आपण जे मिरवतो, ते पुष्कळदा न बोललेलं भांडण असतं. तुमचा मुलगा बारावीत आहे, तान्हा नाही. कूलर भरणं हे घरातल्या सगळ्यांचं काम आहे. मार्थेची गोष्ट तुम्ही संडे स्कूलमध्ये कितीदा सांगितली असेल. तिला प्रभूने काम करते म्हणून रागावलं नाही, ती दगदग करून घेत होती म्हणून टोकलं. मला त्यात आणखी एक दिसतं. मार्था तिच्या बहिणीशी बोललीच नाही. ती प्रभूला म्हणाली, तिला सांगा मला मदत करायला. मरिया तिथंच पायांशी बसली होती, हाताच्या अंतरावर. आपणही तेच करतो. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलत नाही, देवाकडे गाऱ्हाणं नेतो, आणि मग एक दिवस ग्लास फेकतो.

तर मुलाशी बोला, पण टाकी कोरडी असताना नाही. शनिवारी, सकाळी, पोहे खाताना. कोण कधी पाणी भरणार ते ठरवा, भिंतीवर लिहा, मुलीलाही त्यात घ्या आणि मिस्टरांनाही. नाही भरलं तर काय, तेही तेव्हाच ठरवा. मग संध्याकाळी तुमच्या ओरडण्यावर घर चालणार नाही.

आणि त्या मार्थेचं पुढे काय झालं? योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीत पुन्हा पंगत बसली आहे. वल्हांडण सण सहा दिवसांवर आलेला. लाजर प्रभूबरोबर जेवायला बसलाय, मरिया पुन्हा त्याच्या पायांशी आहे, आणि मार्था पुन्हा वाढते आहे. तेच काम, तीच बहीण. तिच्या तोंडी मात्र या वेळी तक्रारीचा एक शब्द नाही. आपल्या भाषेत ‘वाढणं’ म्हणजे ताटात घालणं, आणि ‘वाढणं’ म्हणजे मोठं होणंही. पुढे कधीही पंगतीत हा शब्द कानावर आला की मला बेथानीची मार्था आठवते.

एक साधी गोष्ट लिहायची राहिली. तुम्ही घरात पाऊल टाकता तेव्हा तुमच्या अंगात काय असतं? ऊन, भूक, सदरच्या रस्त्यावरची धूळ आणि हॉर्न. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. प्रश्न देवाने फार नंतर विचारला. घरी आल्याबरोबर पाणी प्या, तोंडावर पाणी मारा, पंधरा मिनिटं कुणाला कसला हिशोब विचारू नका. कूलर कोरडा असला तरी. पंधरा मिनिटांनी तो कोरडाच असेल, पण तुम्ही वेगळ्या असाल.

सासूबाईंबद्दल मी तुमच्याशी जरा कडक बोलते. दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न विचारणं हे तुम्ही त्रासांच्या यादीत टॉवेलशेजारी बसवलंत. ते तिथलं नाही. हे विस्मरणाच्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्यांना लवकरात लवकर दाखवा, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. कधीपासून आहे, औषधं कोणती चालू आहेत, रात्री झोप लागते का, हे कागदावर लिहून न्या. आणि तोपर्यंत कडी लावली का विचारलं की ‘आताच सांगितलं ना’ म्हणू नका, कारण त्यांच्यासाठी ते आताच सांगितलेलं नाही. हाताला धरून दारापाशी न्या, कडीवर त्यांचा हात ठेवा. बोलण्यापेक्षा हाताची आठवण कधीकधी जास्त टिकते.

शेजाऱ्यांच्या गाडीबद्दल फार लिहीत नाही. घंटी वाजवा, नमस्कार म्हणा, सांगा की सकाळी नऊला गाडी काढावी लागते. तुम्ही साक्षीबद्दल लिहिलंत, म्हणून एक आठवण मात्र देते. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्या काळात गोऱ्या प्रवाशाने नेटिवाशी कसं वागावं याची रीत ठाऊकच आहे. हे गृहस्थ मात्र अदबीने वागले, काव्यावर, धर्मावर गप्पा मारल्या, आणि उतरण्याआधी नव्या कराराची प्रत हाती दिली. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ती प्रत त्यांनी वाचायला घेतली, त्याआधी त्या माणसाचं डब्यातलं वागणं त्यांनी वाचलं होतं, असं मला नेहमी वाटतं.

आता तुमचा मुलगा. त्याने जे म्हटलं ते तुम्हाला सुरीसारखं लागलं, पण मला त्यात तिरस्कार दिसत नाही. तिरस्कार करणारं पोर ग्लास उचलून ओट्यावर ठेवत नाही. त्याला दोन आया नको आहेत, एक हवी आहे, एवढंच तो म्हणाला. त्याची माफी मागा. माफी मागताना ‘पण’ वापरू नका. ‘मी चुकले, पण तू पाणी भरलं असतंस तर’ म्हणाल, तर ती माफी राहत नाही, पुन्हा वसुली होते. ‘मी तुझ्यावर ग्लास फेकला. ते चुकलं. मला क्षमा कर.’ इतकंच, आणि त्यानंतर गप्प राहा. तो खांदे उडवेल, ‘ठीक आहे’ म्हणेल, मोबाईल उचलेल. चालेल. पाण्याचं बोलणं वेगळ्या दिवशी, वर लिहिलं तसं.

आणि हे सगळं पंधरा दिवसांत होणार नाही. माझ्या मामांची काटोलकडे संत्र्याची बाग होती. मृग बहार धरायचा तर ऐन उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. त्याला म्हणतात ताण देणं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. बघणाऱ्याला वाटतं बाग गेली. मग मृगाचा पाऊस पडतो, ताण तुटतो, आणि झाड फुलाने भरून जातं. तेव्हाच्या फुलाचं फळ हाताशी येतं ते पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. लहानपणी मला हा छळ वाटायचा. पण मामा ताणाच्या दिवसांत रोज सकाळी बागेत फिरत, एकेका झाडाचं पान बोटात धरून बघत. हलक्या जमिनीतल्या झाडाला ताण लवकर बसतो, भारी जमिनीत उशिरा, म्हणून एकाच बागेत सगळ्यांना सारखे दिवस नाहीत. आणि एखादं झाड फारच सुकलं तर ते ठरलेल्या दिवसाची वाट बघत नसत, पाणी सोडत. तुमच्या झाडाला अपघातापासून आईपर्यंत ताणच ताण बसलाय. त्याला आता पाणी हवं आहे. म्हणून कबरीवर जा म्हणाले, म्हणून पंधरा मिनिटं म्हणाले. महिला मंडळात एखादी वडीलधारी बाई असेल जी ऐकेल आणि पसरवणार नाही, तिच्याजवळही एकदा मन मोकळं करा.

संडे स्कूल सोडू नका. मोशेने काठी मारली, ती त्याची चूकच होती, तरी खडकातून पाणी भरपूर आलं. लोक प्याले, त्यांची गुरंढोरं प्याली. मोशेच्या रागापायी देवाने मुलांना तहानलेलं ठेवलं नाही. त्या रविवारी पाठ शिकवताना फळाची नऊ नावं फळ्यावर लिहा, आणि मग मुलांना ही गोष्ट सांगा, मिर्यामेसकट. ‘सौम्यता’ शब्दाशी आल्यावर सांगा, टीचरला हे अजून जमत नाही, टीचर शिकते आहे. मुलं हसतील, त्यांच्यापैकी कुणाच्या तरी घरी आदल्या रात्री काही फेकलं गेलेलं असेल, ते पोर हसणार नाही. त्याच्याकडे लक्ष ठेवा.

तुमच्या आईचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. पुढच्या पत्रात कळवा, मी प्रार्थनेत घेईन.

तुमची,
ताई